कॅम्पर गाडीचा हीटर-एसी ब्लोअर बंद पडला तर: नव्या मालकांसाठी तपासणीचा क्रम

विदर्भात कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेऊन फिरायचं तर ब्लोअर, म्हणजे वारा फेकणारा पंखा, वर्षभर लागतो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर गेलेला असतो आणि ताडोब्याच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटकडे जाणारी गाडी दुपारभर तापते. डिसेंबरात चिखलदऱ्याला मुक्काम केला की पहाटे हीटर लावावाच लागतो. सपाटीवरच्या नागपुरातही २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पावसाळ्यात परतवाड्याहून मेळघाटात चढताना समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा काचेवर वारा मारणारी मोटरही हीच. ब्लोअर गेला की थंडावा, ऊब आणि समोरचा रस्ता, तिन्ही एकदम जातात.

बिघाड दिसला की नवखा मालक थेट नवी मोटर आणतो. मोटर हा या साखळीतला सर्वात महाग भाग, आणि बऱ्याचदा ती चांगलीच असते. दोष रेझिस्टन्समध्ये (पंख्याचा वेग कमी करणारा रोध), कपलरमध्ये (वायरींचा प्लगसारखा जोड) किंवा अर्थमध्ये (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट) असतो. त्याहून वाईट म्हणजे जळालेला भाग बदलला, पण तो का जळाला हे पाहिलंच नाही, तर नवा भागही जळतो. म्हणून खालच्या क्रमात कारण शोधण्यावर भर आहे.

आधी कोणता ब्लोअर ते ठरवा

कॅम्परमध्ये हवेच्या दोन-तीन वेगळ्या यंत्रणा असू शकतात आणि मेकॅनिकला नुसतं "एसी चालत नाही" म्हटलं की तो चुकीच्या ठिकाणी हात घालतो. पहिली डॅशबोर्डमधली: गाडीच्या १२ व्होल्टवर चालते, थंडावा इंजिनच्या कॉम्प्रेसरचा आणि ऊब इंजिनच्या कूलंटची, पण पंखा एकच. दुसरी राहण्याच्या भागातला छतावरचा एसी, जो २३० व्होल्टवर म्हणजे बाहेरच्या लाइनवर किंवा इन्व्हर्टरवर चालतो. तिसरी डिझेल हीटर, ज्याचा स्वतःचा छोटा पंखा घरच्या, म्हणजे राहण्याच्या भागासाठी बसवलेल्या वेगळ्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालतो. काही गाड्यांत मागच्या सीटसाठी वेगळा १२ व्होल्टचा ब्लोअरही असतो. त्याची तपासणी डॅशबोर्डसारखीच करायची, फक्त फ्यूज आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वेगळे असतात.

सर्वात जास्त तक्रारी डॅशबोर्डच्या ब्लोअरच्या असतात. बाकी दोन्हींकडे शेवटी वळू.

हत्यारं

मल्टिमीटर, बारा व्होल्टचा २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, ३० अँपिअरच्या फ्यूजसह दोन जाड जम्पर वायरी (किमान ४ चौरस मिलिमीटर), चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, ८ आणि १० नंबरचे पाने, बारीक सँडपेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, टॉर्च, मास्क, हातमोजे.

बल्ब कशासाठी, मीटर आहे ना? मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. कुजलेल्या वायरीत एकच तार शिल्लक असेल तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. लाइन कमकुवत असेल तर तो मिणमिणतो आणि दोष लगेच उघडा पडतो. या कामात साधा बल्ब महागड्या मीटरपेक्षा जास्त खरं बोलतो.

एक इशारा. मल्टिमीटरचा १० अँपिअरचा सॉकेट वापरून ब्लोअरचा करंट मोजू नका. मोटर पूर्ण वेगावर साधारण १५ ते २५ अँपिअर घेते, त्यात मीटरचा फ्यूज उडतो किंवा मीटरच जळतो. करंट मोजायला डीसी (बॅटरीचा करंट) मोजणारा, वायरीभोवती अडकवायचा क्लॅम्प मीटर लागतो. बाजारातले स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त घरातल्या २३० व्होल्ट लाइनचा करंट मोजतात, घेताना नीट पाहून घ्या.

काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. काही उघडायचं असेल तेव्हा बॅटरीची मायनस थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) काढा. डॅशबोर्डखाली पिवळ्या स्लीवमधल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटर किंवा बल्ब अजिबात लावू नका.

पहिली पायरी: चारही वेग ऐका

इंजिन चालू करून ब्लोअर एक ते चार नंबरवर फिरवा आणि प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद थांबा. अर्धं निदान इथेच होतं.

फक्त शेवटच्या, सर्वात जोराच्या नंबरवर चालतो आणि खालचे सगळे बंद: रेझिस्टन्स गेला. खालच्या वेगांना करंट रेझिस्टन्समधून जातो, शेवटच्या वेगाला तो टाळून थेट जातो, म्हणून तोच एक शिल्लक राहतो.

खालचे चालतात, फक्त शेवटचा नाही: जोराच्या वेगाचा रिले, त्याची वायर किंवा स्विचचा तो पॉइंट.

मधला एखादाच वेग नाही: रेझिस्टन्सची एक पट्टी तुटली आहे किंवा स्विचचा पॉइंट जळाला आहे.

कुठलाच नाही: फ्यूज, रिले, अर्थ, कपलर, मोटर, या क्रमाने बघा.

खड्ड्यात गाडी आपटली की चालू होतो, पुन्हा बंद पडतो: मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) झिजले आहेत किंवा कपलर सैल आहे. हातोडीच्या लाकडी मुठीने मोटरच्या बुडाला हलकं ठोका. लगेच फिरली तर कार्बन.

चालतो पण किंचाळतो किंवा फडफडतो: बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) कोरडा झाला आहे किंवा पंख्यात काहीतरी अडकलं आहे.

ब्लोअर बंद असताना एसीही लागत नाही म्हणून गॅस भरायला धावू नका. बहुतेक गाड्यांत ब्लोअरचा स्विच शून्यावर असला की कॉम्प्रेसरला चालण्याचा हुकूमच जात नाही. वारा नसताना कॉम्प्रेसर चालला तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमेल, म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते.

तुमच्या गाडीत गोल नॉबऐवजी बटणांचा ऑटोमॅटिक एसी असेल तर साधा रेझिस्टन्स नसतो. त्याच्या जागी वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक मोड्यूल असतं. फ्यूज, अर्थ, कपलर आणि मोटर इथवरची तपासणी सारखीच, पुढे स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडे जा.

दुसरी पायरी: फ्यूज आणि रिले

फ्यूजच्या पेट्या बहुधा दोन असतात, एक स्टिअरिंगजवळ आणि एक बॉनेटखाली. ब्लोअरलाही अनेकदा दोन फ्यूज असतात, मोटरचा मोठा (२५, ३० किंवा ४० अँपिअरचा) आणि स्विच-रिलेचा छोटा (१० किंवा १५ चा). एकच बघून "फ्यूज ठीक आहे" म्हणू नका.

फ्यूज उपटायचीही गरज नाही. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. चावी चालू ठेवून बल्बची एक वायर अर्थला, दुसरी आळीपाळीने दोन्ही ठिपक्यांना. दोन्हीकडे बल्ब पेटला तर फ्यूज चांगला, एकीकडेच पेटला तर उडालेला, दोन्हीकडे नाही तर फ्यूजपर्यंत करंटच येत नाही.

नवा फ्यूज त्याच अँपिअरचा. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा-पारदर्शक, ३० चा हिरवा. २५ च्या जागी ४० चा घालणं किंवा तार गुंडाळणं म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. कॅम्परमध्ये त्या वायरीमागे प्लायवूड, फोम आणि पडदे असतात, बाजूला गॅस सिलिंडरही असतो. हे अजिबात करू नका.

फ्यूज लावताक्षणी उडाला तर शॉर्ट आहे: उंदरांनी कुरतडलेली किंवा पत्र्याला घासलेली वायर. पाच-दहा मिनिटं चालून उडाला तर मोटर जड फिरते आहे आणि जास्त करंट घेते आहे. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून किती वेळाने उडाला ते लक्षात ठेवा.

रिलेची परीक्षा अदलाबदलीने करा. त्याच पेटीत बहुधा हॉर्नचा किंवा दिव्याचा त्याच नंबरचा रिले असतो. तो ब्लोअरच्या जागी लावा. चालला तर रिलेच गेला होता. नुसती "टिक" ऐकून समाधान मानू नका. आतली कॉइल खेचते म्हणून टिक वाजते, पण ३० आणि ८७ नंबरच्या पायांमधले पॉइंट काळे पडलेले असू शकतात.

तिसरी पायरी: कपलर आणि अर्थ

ही पायरी घाईत उडवू नका. कॅम्पर गाड्यांतला दोष बहुतेक इथेच सापडतो.

मोटर बहुधा क्लीनर बाजूला (ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर), ग्लोव्ह बॉक्सच्या खाली असते. कपलर काढा आणि टॉर्च लावून दोन्ही बाजू बघा. पांढरं प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी झालेलं, एखाद्या पिनभोवती वितळलेलं, थिंबल सैल. हिशोब साधा आहे: सैल पिनेचा रोध फक्त ०.१ ओहम झाला आणि २० अँपिअर जात असले, तर त्या एका पिनेत २ व्होल्ट पडतात आणि ४० वॅट उष्णता तयार होते. प्लॅस्टिक वितळायला तेवढं पुष्कळ. तापलेली पिन आणखी सैल होते, आणखी तापते.

वितळलेल्या कपलरवर नवा रेझिस्टन्स किंवा नवी मोटर लावू नका. वायरसह नवा कपलर मिळतो. जुनी वायर लाल, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. काळं पडलेलं तांबं सोल्डर धरत नाही. जोड क्रिम्प करून किंवा सोल्डर करून वर तापवून आवळणारी स्लीव चढवा. नुसती पिळलेली वायर आणि काळी टेप मे महिन्याच्या उन्हात सुटते.

आता अर्थ. ब्लोअर सर्वात जोराच्या वेगावर चालू करा, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी मोटरच्या अर्थ वायरवर, कपलर जोडलेला असतानाच मागून टोचून. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत चालेल, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. मग बॅटरीच्या प्लस खुंटीपासून मोटरच्या प्लस वायरपर्यंत असंच मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, एक व्होल्टच्या वर असेल तर फ्यूजची पेटी, रिले, कपलर, स्विच यांतला एखादा सांधा करंट अडवतो आहे. हे मोजमाप पूर्ण वेगावरच करा. अनेक गाड्यांत मोटरला चावीबरोबर सरळ १२ व्होल्ट मिळतात आणि स्विच-रेझिस्टन्स अर्थच्या बाजूला असतात. अशा गाडीत एक नंबरवर अर्थच्या वायरवर सहा-सात व्होल्ट दिसले तर तो दोष नाही.

कॅम्परचा खास मुद्दा: बॉडी बांधताना अर्थच्या बोल्टखाली रंग किंवा सीलंट गेलेलं असतं. बोल्ट सोडा, पत्रा सँडपेपरने चमकेपर्यंत घासा, थिंबल घासा, आवळा, वरून ग्रीस लावा. त्याच वेळी ब्लोअरच्या लाइनवर कोणी पडद्याचे दिवे, मोबाइल चार्जर, छोटा पंखा जोडला आहे का बघा. असे जोड काढून घरच्या बॅटरीवर न्या.

चौथी पायरी: मोटर थेट चालवून बघा

चावी बंद, मोटरचा कपलर काढलेला. फ्यूज असलेली जम्पर वायर बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या एका पिनेला, दुसरी मायनसपासून दुसऱ्या पिनेला. पंखा जोरात, एकसारखा फिरला तर मोटर चालते. काहीच नाही तर कार्बन किंवा आतली गुंडाळी गेली. नुसती गुणगुणली तर जाम आहे. उलट फिरली तर वायरी अदलाबदल करा. उलट्या दिशेने वारा फार कमी येतो आणि चांगली मोटर कमजोर वाटते.

क्लॅम्प मीटर असेल तर आत्ताच करंट मोजा आणि आकडा दरवाज्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. फ्यूजच्या आकड्याच्या जवळ जाणारा करंट म्हणजे मोटर जड आहे. चालत असली तरी ती पुढचा रेझिस्टन्स आणि कपलर जाळणार.

पाचवी पायरी: रेझिस्टन्स, आणि तो का जळाला

रेझिस्टन्स मोटरजवळच, हवेच्या पेटीत घुसवलेला असतो, दोन स्क्रूंवर. काढा. तुटलेली कॉइल, काळी पट्टी, जळालेला ठिपका बहुधा डोळ्यांनाच दिसतो. मीटरने मोजलं तर चांगल्या रेझिस्टन्सवर पिनांमध्ये अर्ध्या ओहमपासून तीनेक ओहमपर्यंतचे वेगवेगळे आकडे येतात. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो आधी वजा करा. "ओएल" आला तर तो मार्ग तुटलेला.

त्यावर थर्मल फ्यूजही असतो, जास्त तापला की कायमचा तुटणारा. काही जण तो वायर टाकून डायरेक्ट करतात. त्यामागचा धोका आकड्यांत बघा: दुसऱ्या वेगाला ०.६ ओहममधून १० अँपिअर जात असतील तर तिथे ६० वॅट उष्णता सतत तयार होते. म्हणजे हवेच्या पेटीत सोल्डरिंग गन चालू ठेवल्यासारखं. तिला थंड ठेवतो तो ब्लोअरचाच वारा. वारा कमी झाला की पट्टी लालभडक होते.

आता इथली गोष्ट. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, कुटाराचा धुराळा. त्यानंतर महिनोन्‌महिने कापूस वेचणी, गावोगावचे कापसाचे ट्रक, जिनिंगच्या (सरकी काढण्याच्या कारखान्यांच्या) आसपास हवेत तरंगणारे तंतू. काचेखालच्या जाळीतून हे सगळं आत ओढलं जातं. कापसाचे तंतू केबिनच्या हवेच्या फिल्टरवर गादीसारखे बसतात, आणि फिल्टर नसलेल्या गाडीत थेट पंख्यावर, रेझिस्टन्सवर आणि कूलिंग कॉइलवर. वारा अडतो, रेझिस्टन्स तापतो, आणि त्याच्याच अंगावर वाळलेला कापूस असतो. जळका वास आला तर ब्लोअर बंद करून आधी हेच उघडा.

म्हणून रेझिस्टन्स जळालेला सापडला की नवा लावण्याआधी तीन गोष्टी: फिल्टर तुंबला आहे का, मोटर हाताने मोकळी फिरते का, करंट किती. फिल्टर तुंबला तर मोटरवर भार वाढत नाही, पण रेझिस्टन्सला थंडावा मिळत नाही. बुश जड झाला तर करंट वाढतो आणि थंडावाही घटतो. हा दुसरा प्रकार जास्त घातक.

सहावी पायरी: मोटर काढून साफ करणं

बहुधा तीन स्क्रू आणि मोटर खाली उतरते. शेताच्या धुऱ्यावर किंवा गोठ्याजवळ महिनाभर उभी राहिलेल्या गाडीत पंख्यात उंदरांचं घरटं हमखास सापडतं: कापूस, कुटार, सीटचा फोम, लेंड्या. मास्क आणि हातमोजे घाला, कोरडं झटकू नका, फिनाइलच्या पाण्याने ओलं करून उचला. पंक्चरवाल्याच्या हवेने गाडीच्या आतच फुंकू नका, सगळा कचरा कॉइलमध्ये बसेल.

पंख्याच्या पात्यावर एखादी छोटी धातूची क्लिप दिसली तर ती कचरा नाही, तोल सांभाळण्यासाठी बसवलेली आहे. काढली की डॅशबोर्ड थरथरतो. पंखा हाताने झटका देऊन फिरवा, दोन-चार वेढे सहज घेऊन थांबायला हवा. शाफ्ट इकडेतिकडे हलत असेल तर बुश झिजला. किंचाळणाऱ्या बुशला मशीन ऑइलचा एकच थेंब द्या. जास्त दिलं तर ते कार्बनवर उतरतं आणि मोटर थांबते. अशी मोटर काही महिने चालेल, पण नवी मागवून ठेवा.

आत पुन्हा उंदीर शिरू नये म्हणून बाहेरच्या हवेच्या तोंडावर सहा मिलिमीटर भोकांची लोखंडी जाळी बसवा. डासांची बारीक जाळी नको, तिच्यावर कापूस बसून दोन आठवड्यांत हवाच बंद होईल.

ब्लोअर फिरतो, पण वारा कमी

फिल्टर काढून गाडी चालवून बघा. वारा वाढला तर फिल्टर बदला, बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने. फिल्टर स्वच्छ असून वारा कमी असेल तर कॉइलचा दर्शनी भाग तुंबलेला असतो. मऊ ब्रश आणि कॉइल क्लीनरचा फेस वापरा. वॉशिंग सेंटरचा जेट मारू नका, पातळ पत्र्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते.

सुरुवातीला भरपूर वारा, अर्ध्या तासाने जवळजवळ नाही, आणि एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं ठेवला की पुन्हा येतो: कॉइलवर बर्फ. कारण कमी गॅस, थंडावा मोजणारा सेन्सर बिघडलेला किंवा वारा आधीच कमी. गॅसचं काम स्वतः करू नका. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार.

क्लीनर बाजूची मॅट ओली असेल तर कॉइलच्या पाण्याची नळी तुंबली आहे. हेच पाणी मोटरवर आणि अर्थच्या बोल्टवर पडतं. खालून नळीत पातळ नायलॉन दोरी घालून मोकळी करा. मात्र मे महिन्यात गाडीखाली पाणी ठिबकत नाही म्हणून घाबरू नका. इथली उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर पाणीच फारसं जमत नाही. ऑगस्टात एसी लावून ठिबकलं नाही, तर मात्र नळी बघा.

वारा येतो, पण ऊब नाही

हीटरची ऊब इंजिनच्या कूलंटची. इंजिन थंड असताना टाकीतली पातळी बघा (गरम इंजिनचं झाकण उघडू नका), मग इंजिन तापल्यावर फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) शिरणाऱ्या दोन नळ्यांना हात लावा. दोन्ही गरम तर आतला फ्लॅप (गरम-थंड हवा वळवणारी झडप) फिरत नाही. एक गरम, एक थंड तर हीटरचा कॉक बंद, हवा अडकलेली किंवा हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) तुंबलेला. दोन्ही कोमट तर थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघड-बंद करणारी झडप) उघडाच राहिला आहे. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकलेला असणं इकडे नवीन नाही. अशी गाडी डिसेंबरात ऊब देत नाही. गोडसर वास, काचेवर चिकट वाफ आणि कमी होत जाणारा कूलंट म्हणजे हीटर कोअर गळतो आहे. तो लवकर बदला.

डिझेल हीटर

सुरू होताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारा भाग) तापतो आणि आठ-दहा अँपिअर ओढतो. "पंखा दोन मिनिटं फिरतो आणि बंद पडतो" या तक्रारीचं कारण बहुधा बारीक वायर असतं. बॅटरीपासून हीटर ६ मीटर, म्हणजे येऊन-जाऊन १२ मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत १० अँपिअरला सुमारे १.४ व्होल्ट पडतात, चार चौरस मिलिमीटरमध्ये अर्ध्या व्होल्टच्या आसपास. भाराखाली १२ व्होल्टवर असलेल्या बॅटरीपासून हीटरपर्यंत १०.६ उरले की हीटर कमी व्होल्टेज समजून स्वतःच बंद होऊ शकतो. वायर बदला, हीटर नव्हे. व्होल्टेज सुरू होण्याच्या क्षणी, हीटरच्या कपलरवर मोजा.

हीटर बंद करताना बटणानेच करा. पंखा काही मिनिटं फिरून आतलं थंड करतो, तेव्हा मुख्य स्विच पाडला तर आतले भाग भाजतात. धुराची नळी गाडीबाहेर, खिडकीपासून दूर, आणि झोपण्याच्या भागात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेलाच हवा. या वायूला वास नसतो.

छतावरचा एसी

इथे २३० व्होल्ट आहेत, म्हणून तुमची तपासणी बाहेरूनच. आधी सॉकेटवर, एसी चालू असताना व्होल्टेज मोजा. गावातल्या लाइनवर संध्याकाळी दाब बराच पडतो, १८० च्या खाली गेला तर एसी चालवू नका. शेतातल्या मोटरपंपाच्या थ्री फेज पेटीतून वायर ओढून गाडी जोडणं जिवावरचं आहे: न्यूट्रल चुकला तर एसीवर ४०० च्या वर व्होल्ट येतात.

दाब ठीक, पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर गेला. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज साठलेला असतो, हात घालू नका. घरच्या स्प्लिट एसीचं काम करणारा तालुक्याचा मेकॅनिक हा बदलू शकतो. अंगावर छापलेले मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील.

दुरुस्तीनंतर

ब्लोअर दुसऱ्या नंबरवर वीस मिनिटं चालवा. खालच्या वेगांवरच रेझिस्टन्सची परीक्षा होते, जोराच्या वेगाला तो कामातच नसतो. मग बंद करून लगेच मोटरच्या आणि रेझिस्टन्सच्या कपलरला हात लावा. कोमट चालेल, बोट ठेवता येत नसेल तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर या. पूर्ण वेगाचा करंट मोजा आणि दरवाज्यावरच्या जुन्या आकड्याशी ताडून बघा. मेकॅनिककडून काम करून घेतलं असेल तर जुना भाग परत मागा आणि करंटचा आकडा समोर मोजायला सांगा.

वाटेत रेझिस्टन्स गेला आणि फक्त चार नंबर चालत असेल तर तसंच घर गाठायला हरकत नाही. पण कपलर तापतो आहे का ते तासातून एकदा बघा. ब्लोअर पूर्ण बंद असेल तर एसीचं बटणही बंद ठेवा आणि मे महिन्यात लहान मुलं, म्हातारी माणसं गाडीत असतील तर प्रवास पहाटे चार ते नऊच्या दरम्यान करा.

फिल्टरसाठी किलोमीटर मोजत बसू नका, हंगाम बघा: मळणी संपली की एकदा झटका, वेचणी संपून मार्च लागला की नवा घाला, पावसाळ्याच्या शेवटी ओला-बुरसट झाला असेल तर पुन्हा बदला. कापसाच्या ट्रकमागे किंवा जिनिंगजवळून जाताना आतली हवा फिरवणारं बटण दाबा, आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ते सोडून द्या, नाहीतर काच धुरकटेल.